जपानची पोस्टिंग, कुत्रा आणि मांजर: १८० दिवसांचं गणित जुळत नाहीये, मदत करा

बंड्याची_आई · रविवार, १८ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा नवरा यूएस आर्मीत आहे, आम्ही वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाजवळ जॉइंट बेस लुईस-मॅकॉर्डला आहोत आणि गुरुवारी त्याचा आरएफओ (पक्क्या ऑर्डर्सच्या आधी येणारी बदलीची सूचना) आला, कॅम्प झामा, जपान. रिपोर्ट डेट ३१ जुलै. जपान म्हटल्यावर आधी खूप आनंद झाला, मग रात्री प्राण्यांचे नियम वाचायला बसले आणि झोपच उडाली.

घरात बंड्या आहे, सहा वर्षांचा लॅब मिक्स, ६२ पौंड, शेल्टरमधून आणलेला. आणि मनी आहे, चार वर्षांची, पार्किंगमध्ये एका गाडीच्या इंजिनाखाली सापडली होती तेव्हा तळहातावर मावायची. बंड्याला २०२२ मध्ये शेल्टरनेच चिप बसवलेली आहे, रेबीजची लस मार्च २०२३ ला एक वर्षाची आणि मार्च २०२४ ला तीन वर्षांची, दोन्ही वेळेत, कागद आहेत. पण त्याच्या चिपचा नंबर ९ आकडी आहे आणि सगळीकडे १५ आकडी चिप पाहिजे असं लिहिलंय. मनीला तर चिपच नाही. ती घराबाहेर जात नाही म्हणून लहानपणी एकदा रेबीजची लस दिली त्यानंतर दिलीच नाही, चूक आमची आहे, मान्य.

आता वाचतेय की चिप, मग दोन लसी, मग रक्ताची तपासणी, मग १८० दिवस थांबा. आज १८ जानेवारी. ३१ जुलैला १९४ दिवस उरतात. म्हणजे बंड्याचं कसंबसं होईल, पण मनीचं कसं होणार मला कळत नाहीये. नवऱ्याच्या युनिटमधल्या एकाने अगदी सहज सांगितलं की मांजर देऊन टाका कोणाला तरी, तिकडे जाऊन दुसरी घ्या. मी काही बोलले नाही पण घरी येऊन रडले. आई म्हणते मनीला सांगलीला पाठव, पोस्टिंग संपेपर्यंत मी सांभाळते.

तर प्रश्न असे की बंड्याला नवी चिप बसवली तर आधीच्या लसी बाद होतात का? मनी जुलैमध्ये येऊ शकते का, नाहीतर काय करायचं? सांगलीचा पर्याय खरंच शक्य आहे का? आणि पेट रिलोकेशनवाल्या एजंटला पैसे द्यावेत का, की आपण करू शकतो? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. उद्या मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी, बेसवरचं व्हेट क्लिनिक बंद, मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या फोन करणार आहे.

---

योकोटा_रिटर्न

अगं सगळ्यात आधी, मनीला कोणालाही देऊ नकोस. हातात सहा महिने आहेत तुझ्या, आमच्या हातात चार होते. माझा नवरा एअर फोर्समध्ये, आम्ही तीन वर्षं जपानमध्ये योकोटाच्या एअर बेसला होतो, त्यामुळे जे आम्ही भोगलं ते सांगते म्हणजे तुझं होणार नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, घड्याळ सुरू होतं ते ऑर्डर्स आल्यावर नाही, लस दिल्यावर पण नाही, एफएव्हीएनसाठी, म्हणजे रेबीजच्या अँटिबॉडीच्या तपासणीसाठी, रक्त काढलं त्या दिवशी सुरू होतं. तो दिवस शून्य, तिथून १८०. रिझल्ट यायला कितीही आठवडे लागू देत, तारीख रक्त काढल्याचीच धरतात. म्हणून क्रेट, विमान, घर, हे सगळं नंतर, ह्या आठवड्यात फक्त बंड्याचं रक्त.

आमचं काय झालं सांगते. आमच्या कुत्र्याचं रक्त आम्ही बाहेरच्या एका क्लिनिकमध्ये काढलं, बेसवर अपॉइंटमेंट लांबची मिळत होती म्हणून. लॅबच्या फॉर्मवर तिथल्या मुलीने चिपचे दोन आकडे उलटसुलट लिहिले. आम्ही बघितलं नाही, तिनेही नाही. रिझल्ट छान आला, पास व्हायला लागणाऱ्या ०.५ च्या खूप वर, आणि चार आठवड्यांनी कागद हातात आल्यावर कळलं की हा रिझल्ट आमच्या कुत्र्याचा आहे हे सिद्धच होत नाही. परत रक्त, परत शून्य दिवस. आम्ही गेलो आणि तो टेक्सासमध्ये मैत्रिणीकडे राहिला. व्हिडिओ कॉलवर माझा आवाज ऐकला की लॅपटॉपच्या मागे जाऊन शोधायचा मला. मी ते दोनदा केलं आणि नंतर कॉल करणंच बंद केलं.

म्हणून टेबलावरच, रक्त काढायच्या आधी, स्कॅनर फिरवायला सांग, स्क्रीनवरचा नंबर मोबाईलवर फोटो काढ, आणि फॉर्मवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाच. लाजू नकोस. लसीच्या सर्टिफिकेटवर, लॅब फॉर्मवर, हेल्थ सर्टिफिकेटवर तोच नंबर, तेच नाव, तीच जन्मतारीख. एकीकडे बंड्या आणि एकीकडे बंडू असलं तरी प्रश्न विचारतात.

विमानाचं: तुमच्यासाठी पॅट्रियट एक्सप्रेस, म्हणजे सैन्याच्या कुटुंबांसाठीचं सरकारी विमान, सोयीची, सिएटलहूनच निघते आणि योकोटाला उतरते, तिथून झामा गाडीने जाण्यासारखं आहे. एका कुटुंबाला दोन प्राणी, फक्त कुत्रा-मांजर, आणि क्रेट धरून १५० पौंडांपर्यंत, तुमचा बंड्या आरामात बसतो. पण विमानात प्राण्यांच्या जागा मोजक्याच असतात आणि जुलैमध्ये सगळं अमेरिकन सैन्य बदलीवर असतं. प्रत्यक्ष ऑर्डर्स हातात पडल्या त्याच दिवशी नवऱ्याला ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला पाठव आणि माणसांच्या सीटबरोबर प्राण्यांची जागा पण मागा, वेगळी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. ऑर्डर्सवर तुझं नाव आणि कमांड स्पॉन्सरशिप (कुटुंबाला बरोबर न्यायची लष्कराची मंजुरी) आहे ना तेही बघ.

---

प्राण्यांची_डॉक्टर

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, आता बरीच वर्षं व्हर्जिनियात प्रॅक्टिस करते, आमच्या भागात नेव्हीची आणि आर्मीची घरं भरपूर त्यामुळे ही कागदपत्रं वर्षभर चालूच असतात. बंड्याच्या आई, एकेक करून सांगते.

बंड्याची चिप. जपानला आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ची चिप लागते, ती १५ आकडी असते. ९ आकडी चिप म्हणजे जुनी अमेरिकन पद्धतीची, जपानमधल्या अधिकाऱ्याच्या स्कॅनरवर ती दिसेलच असं नाही. पण म्हणून ती निकामी नाही. जुनी चिप असली तर ती वाचणारा स्कॅनर आपण स्वतः बरोबर न्यायचा, हे चालतं. जुनी चिप काढायची नाही आणि तिला विसरायचंही नाही, कारण दोन्ही लसी त्या चिपच्या नंबरावर दिलेल्या आहेत. नवी चिपच एकमेव ओळख म्हणून लिहिलीत तर कागदोपत्री आधीच्या लसी चिपच्या आधीच्या होतात आणि सगळं पहिल्यापासून. मी माझ्या पेशंटना असं करून देते: जुनी चिप स्कॅन करून नोंदवायची, दुसरी १५ आकडी चिप बसवायची, आणि इथून पुढच्या प्रत्येक कागदावर दोन्ही नंबर आणि दोन्ही बसवल्याच्या तारखा. शिवाय जुनी वाचणारा स्कॅनर बॅगेत.

चिपनंतर दोन लसी, मध्ये किमान ३० दिवस, आणि दुसरी पहिलीची मुदत संपायच्या आत, हे बंड्याचं आधीच झालेलं आहे. म्हणजे त्याचं रक्त ह्याच आठवड्यात काढता येईल. समजा शुक्रवारी २३ तारखेला काढलं तर १८० वा दिवस २२ जुलै. रिपोर्ट डेटच्या आधी नऊ दिवस. पुढच्या शुक्रवारवर ढकललं तर २९ जुलै, मग एक फ्लाईट हुकली की संपलं. म्हणून २३. शुक्रवारी काढलं तर सिरम वेगळं करून थंड ठेवतात आणि सोमवारी पाठवतात, त्याने काही बिघडत नाही. बेसवर काढलं तर सॅम्पल सहसा सॅन अँटोनियोला फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या लष्कराच्या लॅबमध्ये जातं, बाहेर काढलं तर बहुतेक जण कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या रेबीज लॅबला पाठवतात. तपासणी एकच, रक्तात रेबीजविरुद्ध अँटिबॉडी मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त पाहिजे. रिझल्ट रक्त काढल्यापासून दोन वर्षं चालतो, फक्त मधल्या काळात लसीची मुदत एक दिवससुद्धा तुटता कामा नये. बंड्याची मार्च २०२७ पर्यंत आहे, तेव्हा चिंता नाही.

आता मनी. ह्याच आठवड्यात, समजा बुधवारी २१ ला, चिप आणि लस. एकाच भेटीत चालतं पण आधी चिप, ती स्कॅन करून बघायची, मग सुई. हा क्रम कागदावरही दिसला पाहिजे. दुसरी लस ३० दिवसांनी, म्हणजे २० फेब्रुवारीपासून पुढे देता येते, पण मी काठावर देत नाही, दिवस मोजण्यात एकाचा फरक झाला तर अख्खी लस बाद होते, म्हणून सोमवार २३ फेब्रुवारी धरा. त्याच दिवशी रक्त काढायला जपानची परवानगी आहे. एरवी अगदी पहिल्यांदाच लस घेतलेल्या प्राण्यात मी दोन आठवडे थांबा म्हणते, म्हणजे दुसऱ्या डोसानंतर अँटिबॉडी वर येतात आणि नापास व्हायची भीती राहत नाही. पण मनीला लहानपणी एकदा दिलेली आहे, अशा शरीराला ओळख असते, पहिल्या डोसालाच चांगला प्रतिसाद देतं, त्यामुळे मी तिचं त्याच दिवशी काढीन. २३ फेब्रुवारीपासून १८० दिवस म्हणजे २२ ऑगस्ट.

म्हणजे बंड्या २२ जुलै, मनी २२ ऑगस्ट. एका महिन्याचा प्रश्न आहे, त्यासाठी कोणी मांजर देऊन टाकत नाही.

२२ ऑगस्टच्या आधी पोचली तर जेवढे दिवस कमी तेवढे दिवस क्वारंटाईन, समजा २४ जुलैला उतरलात तर २९ दिवस. तो कुठे आणि कसा, हे झामाच्या व्हेट क्लिनिकला आत्ताच मेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तरावर तिकीट काढू नका.

लोक चिडतात ह्या नियमांवर, माझ्यासमोर बसून चिडतात, मी समजू शकते, पण आपण मराठी माणसांनी तरी चिडू नये असं मला मनापासून वाटतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणजे काय हे आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलंय, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेला एखादा तरी माणूस प्रत्येक गावात असायचा. जपानने १९५० मध्ये रेबीजचा कायदा केला, कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण सक्तीचं केलं आणि १९५७ नंतर त्यांच्या प्राण्यांत रेबीज सापडलेला नाही. १८० दिवसांचं कारण असं की चावा बसल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने जातात, आणि आधीच लागण झालेल्या कुत्र्याला नंतर लस दिली तरी रक्तात अँटिबॉडी दिसू शकतात. नुसत्या रिपोर्टवरून ते कळत नाही, वेळ गेल्यावरच कळतं.

---

नेव्हीवाली_मुंबई

आमचं उलट बाजूचं, माझे मिस्टर भारतीय नौदलात, काही वर्षांपूर्वी लंडनला हाय कमिशनमध्ये पोस्टिंग होतं आणि नऊ वर्षांचा शेरू बरोबर न्यायचा होता. भारतात बदल्या करताना आम्हाला सवय होती, विशाखापट्टणम ते मुंबई फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे बुक करून त्याला घेऊन आलेलो, वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर खाली उतरवायचं आणि टीसीपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याची चौकशी करायचे. मला वाटलं विमानाचं पण तसंच असेल, थोडे जास्त कागद इतकंच. नाही गं. भारतातून ब्रिटनला चिप, लस, लसीनंतर ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा फक्त कार्गोने उतरतो, बरोबर केबिनमध्ये किंवा सामान म्हणून नाही. आणि शेवटी जंताचं औषध, ते पोचायच्या आधी २४ तास ते १२० तास ह्याच्या मध्येच द्यायचं आणि डॉक्टरांनी तारीख आणि वेळ दोन्ही लिहायची. आमच्या डॉक्टरांनी तारीख लिहिली आणि वेळ लिहिली नाही, मी रात्री दहाला परत त्यांच्या घरी गेले, दार उघडलं बिचाऱ्यांनी. मुंबईतून निघताना पशु संगरोध कार्यालयाचं सर्टिफिकेट वेगळं.

तुझ्या आईच्या सांगलीच्या विचाराबद्दल लिहायलाच आले मुळात. आईचं मन मोठं आहे, पण ते होणार नाही बहुतेक. भारतात परदेशातून कुत्रा-मांजर आणायचं तर ते कायमचं परत राहायला येणाऱ्या माणसाबरोबर, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सवर, जास्तीत जास्त दोन, आणि त्यासाठी पशु संगरोध विभागाची एनओसी. नुसतं आईकडे सांभाळायला पाठवते म्हणून नाही आणता येत, त्याला परवाना लागतो आणि तो घरगुती माणसाच्या आवाक्यातला नाही. आणि समजा गेली तरी सांगलीहून जपानला परत तेच १८० दिवसांचं चक्र. शिवाय पुढे कधी बंड्याला सुट्टीत भारतात न्यायचा मोह झाला तर तोही करू नकोस, अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, कुत्र्यांसाठी भारत रेबीजच्या हाय-रिस्क यादीत ठेवलाय आणि ऑगस्ट २०२४ पासून गेल्या सहा महिन्यांत अशा देशात राहून आलेल्या कुत्र्याला परत घ्यायचे नियम फार कडक आहेत.

एक क्रेटबद्दल. शेरूचा क्रेट आम्ही चार महिने आधी हॉलमध्ये उघडा ठेवला, दार काढून. जेवण आत, दुपारची झोप आत, माझी जुनी सुती साडी खाली. दार लावायला सुरुवात दोन महिन्यांनी, आधी एक मिनिट, मग पाच, मग मी भाजी घेऊन येईपर्यंत. कार्गोत जाताना तो रडला नाही, मी रडले.

---

बंड्याची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिलंय, मी आणि नवरा दोघं जेवता जेवता वाचत होतो. डॉक्टर, खरंच आभार, २२ आणि २२ ऐकून पहिल्यांदा श्वास घेतला. आईला सांगलीचं सांगितलं, ती म्हणाली बरं, मग तुम्ही तिघं-चौघं मिळून काय ते बघा पण त्या मुक्या जिवाला टाकू नका.

अजून दोन शंका. विमानात शांत राहावा म्हणून बंड्याला झोपेचं औषध देतात का? तो फटाक्यांना फार घाबरतो, चार जुलैला बाथटबमध्ये जाऊन बसतो. आणि पैसे किती परत मिळतात?

---

प्राण्यांची_डॉक्टर

झोपेचं औषध नाही. अगदी नाही. गुंगीत प्राण्याचा रक्तदाब आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, क्रेट हलला तर तोल सावरता येत नाही, आणि वर काय होतंय ते बघायला कोणी नसतं. गुंगी आलेला प्राणी चेक-इनलाच परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे. नेव्हीवाल्या ताईंनी क्रेटचं जे लिहिलंय तेच खरं औषध. आजपासून जुलै म्हणजे भरपूर वेळ. क्रेट इतका मोठा हवा की उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, वरचे-खालचे भाग प्लॅस्टिकच्या क्लिपने नाही तर धातूच्या नट-बोल्टने जोडलेले, पाण्याची वाटी दाराला बाहेरून भरता येईल अशी. वाटीत आदल्या रात्री पाणी गोठवून बर्फ करा, सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. निघायच्या आधी चार-पाच तास पोटभर जेवण नको. फटाक्यांच्या भीतीसाठी तुमच्या क्लिनिकशी वेगळं बोला, ते वेगळं प्रकरण आहे, विमानाशी जोडू नका.

आणि शेवटची हेल्थ तपासणी निघायच्या आधी दहा दिवसांच्या आत. ती बाहेरच्या व्हेटकडे केलीत तर वर यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) शिक्का लागतो, त्यासाठी व्हेट यूएसडीएची मान्यता असलेलाच पाहिजे आणि हाताशी दोन-तीन दिवस ठेवा. पॅट्रियट एक्सप्रेसऐवजी साध्या विमानाने नारिता किंवा हानेदाला उतरणार असाल तर तिथल्या प्राणी क्वारंटाईन कार्यालयाला ४० दिवस आधी सूचना पोचली पाहिजे. मनी २५ ऑगस्टला उतरणार असेल तर १६ जुलैपर्यंत. उन्हाळ्यात साध्या विमानांचं अजून एक असतं, जमिनीवरचं तापमान ८५ फॅरेनहाइट म्हणजे २९ सेल्सियसच्या वर गेलं की बऱ्याच एअरलाईन प्राणी घेत नाहीत, आणि ऑगस्टमधलं टोकियो बहुतेक दिवस त्याच्या वर असतं. मांजर लहान आहे, केबिनमध्ये सीटखाली नेऊ देणारी एअरलाईन शोधा, तिला तेच बरं.

---

योकोटा_रिटर्न

पैशांचं मी सांगते. १ जानेवारी २०२४ पासून बदलीत एका पाळीव प्राण्याचा खर्च परत मिळतो, कुत्रा किंवा मांजर, अमेरिकेतल्या अमेरिकेत ५५० डॉलरपर्यंत आणि परदेशी जाताना-येताना २००० डॉलरपर्यंत. एकच प्राणी, दोन असले तरी एकच. आमच्या वेळी हे नव्हतं, फक्त क्वारंटाईनचे थोडे मिळायचे. पण एक अट नीट वाच, सरकारी विमानात जागा उपलब्ध असताना ती न घेता स्वतःच्या मनाने दुसरीकडून पाठवलं तर वाहतुकीचे पैसे अडकतात, म्हणून जागा मागितली आणि मिळाली नाही हे ट्रान्सपोर्टेशन ऑफिसकडून कागदावर घे. चिप, रक्ताची तपासणी, क्वारंटाईन, सगळ्याच्या पावत्या एका पाकिटात. ज्या प्राण्यावर जास्त खर्च होईल त्याचा क्लेम लाव.

एजंट: तुमची सिएटलहून थेट सोय आहे, कागद तुम्हालाच तपासायचे आहेत, मग पैसे कशाला. एजंटने चूक केली तरी १८० दिवस आपल्याच जनावराचे जातात.

आणि घर. झामाला बेसवर घर मिळेपर्यंत लॉजिंगमध्ये राहावं लागतं, पेट रूम आत्ताच मागून ठेवा, त्याही मोजक्याच. बेसबाहेर राहायचा विचार असेल तर बऱ्याच जपानी घरमालकांना प्राणी चालत नाहीत, चालले तर जास्तीचं डिपॉझिट मागतात.

---

रॅमस्टाइनकर

आम्ही जर्मनीला. वाचून वाटलं आमचं किती सोपं होतं, अमेरिकेतून युरोपात चिप, त्यानंतर रेबीज लस, २१ दिवस, आणि ईयूचं हेल्थ सर्टिफिकेट, रक्ताची तपासणी नाही. पण आमच्या शेजाऱ्यांचा पिट बुल होता, जर्मनी त्या जातीला देशात घेतच नाही, २००१ चा कायदा आहे, आणि त्यांना ते ऑर्डर्स आल्यावर कळलं. एवढंच सांगायचं होतं की प्रत्येक देशाचं वेगळं असतं, जर्मनीवाल्याने दिलेली यादी जपानला वापरू नका आणि हवाईची पण नाही, हवाईत तर ३० दिवस मोजतात आणि तेही रक्त लॅबमध्ये पोचल्यापासून. तुमच्या झामाचंच वाचा.

---

बेलव्ह्यूकर

आम्ही दोघं रिटायर, सिएटलजवळ बेलव्ह्यूला घर आहे, खालची खोली रिकामी. आमचा बोका मागच्या वर्षी गेला, सतरा वर्षांचा होता, त्याच्या वाट्या आणि खिडकीतली फळी अजून तशीच आहे. नवरा आणि बंड्या जुलैमध्ये पुढे जाऊ देत, तू आणि मनी २२ ऑगस्टपर्यंत आमच्याकडे राहा. घरसामान गेल्यावर रिकाम्या घरात किंवा हॉटेलात मांजर घेऊन महिनाभर राहण्यापेक्षा बरं. एकटी मनी ठेवायची असेल तरी चालेल पण मांजराला माणूस आणि जागा एकदम बदलली की जेवत नाही, म्हणून तू असलीस तर चांगलं. हिला विचारूनच लिहितोय. फोन नंबर मेसेजमध्ये पाठवतो.

---

बंड्याची_आई · शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

अपडेट देते, कारण तुम्ही सगळे वाट बघत असाल.

मंगळवारी सकाळी फोनवर चाळीस मिनिटं होल्डवर राहिले आणि कोणीतरी अपॉइंटमेंट रद्द केली म्हणून आजची साडेदहाची मिळाली. मनीचं बुधवारीच बाहेरच्या क्लिनिकमध्ये झालं, आधी चिप, स्कॅन, मग लस, मी उभी राहून क्रम लिहून घेतला. ती दिवसभर कपाटात जाऊन बसली, रात्री बाहेर आली. २३ फेब्रुवारीची वेळ घेऊन ठेवलीये.

आज बंड्या. जुनी चिप पहिल्या स्कॅनरवर दिसलीच नाही, माझ्या पोटात गोळा आला, मग त्यांनी आतून दुसरा स्कॅनर आणला आणि खांद्याच्या जरा खाली सरकलेली सापडली. ९ आकडी, शेल्टरच्या कागदावरचाच नंबर. नवी १५ आकडी बसवली, दोन्ही नंबर फॉर्मवर. रक्त काढायच्या आधी मी दोन्ही मोठ्याने वाचले, तिथली टेक्निशियन माझ्याबरोबर वाचत होती, आणि तिने नव्या नंबरातला एक आकडा चुकलेला स्वतःच पकडला, ३ च्या जागी ८ झाला होता. योकोटा ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तो फॉर्म तसाच सही करून दिला असता.

झामाच्या क्लिनिकला मेल टाकलाय. नवरा म्हणतो तो बंड्याला घेऊन २४ जुलैच्या आसपासची फ्लाईट मागेल आणि मी मनीबरोबर मागाहून येईन, ऑर्डर्स आल्या की ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला जाणार. बेलव्ह्यूकर काका, रात्री फोन करते तुम्हाला, काकूंशी पण बोलायचंय. रविवारी मनीला घेऊन एकदा येऊ का, खिडकीतली ती फळी तिला दाखवायला? आणि क्रेट हॉलमध्ये मांडलाय, दार काढून, माझी एक जुनी ओढणी आत टाकलीये. बंड्या अजून बाहेरूनच वास घेतोय, पण ओढणीचं एक टोक ओढून त्यावर झोपलाय.